औषध आणि त्याची पोच

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'ज्येष्ठांचे मनोगत' या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



सचिवांनी मला फोन करून सांगितलं, "काका, तुम्ही जुने सभासद, संस्थेच्या सुरुवातीच्या आठवणी सांगा." पण त्या आठवणी तुम्ही दर वार्षिक सभेत ऐकता. इथं माळ होता, नळाला पाणी नव्हतं, रात्री घरी यायचं तर एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी. बत्तीस शिराळ्यात राहायचं म्हटल्यावर काठी कशासाठी हे मी सांगायला नको. ते सगळं या स्मरणिकेत इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं आहे. म्हणून मी वेगळा विषय मागून घेतला. आपल्या अंगात औषध किंवा लस शिरते, ती नेमकी पोचते कशी आणि कुठं, हा तो विषय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. शिवाजी विद्यापीठाची रसायनशास्त्राची बी.एस्सी. झाली आणि पुढं छत्तीस वर्षं बँकेत खतावण्या तपासल्या. हे वाचायला लागलो त्याला कारण माझी नात. ती अकरा वर्षांची आहे. तिला एक लस द्यायची होती आणि ती मी वर्षभर अडवून धरली. का अडवली आणि मग काय झालं, ते शेवटी सांगतो. तिनं मला विचारलं होतं, "आजोबा, त्या सुईत असतं तरी काय?" मला उत्तर देता आलं नाही. मग वाचत गेलो. भाषणाचा कागद आपल्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे, त्यामुळं यात बरोबर असेल ते त्यांचं आणि सांगताना घसरलो तर ते माझं.

बँकेत पहिली गोष्ट शिकलो ती अशी. पैसा असून भागत नाही, तो पोचावा लागतो. करन्सी चेस्टमध्ये कोट्यवधी रुपये पडून असतात, पण आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या शाखेत रोकड नसेल तर दारातल्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यासाठी गाडी लागते, पेटी लागते, बंदूकधारी लागतो, आणि शाखेत पेटी उघडून पावती देणारा माणूस लागतो. औषधाचंही तसंच असतं. औषध शोधणं ही अर्धी लढाई, ते योग्य पेशीपर्यंत, योग्य वेळी, योग्य मात्रेत नेणं ही उरलेली अर्धी. त्यासाठी शास्त्रज्ञ जे पदार्थ मुद्दाम घडवतात, त्यांना जैवपदार्थ म्हणतात. शरीराला चालतील, काम झालं की विरघळून जातील असे पदार्थ.

पोचवण्याचा हा प्रश्न आपल्या मुलखात दोनशे वर्षांचा जुना आहे. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली १४ जून १८०२ ला, मुंबईत. अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. ती लस बगदाद-बसऱ्याकडून आली. तेव्हा ना बर्फाची पेटी, ना फ्रिज. मग आली कशी? माणसांच्या दंडांवरून. एकाला टोचायची, आठवडाभरात फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, असं करत करत ती मुंबईला पोचली आणि त्या मुलीच्या दंडावरून पुढं पुणे, सुरत, हैदराबादकडं गेली. म्हणजे पहिलं वाहन माणूसच होता. माझ्या वयाच्या मंडळींनी बाह्या वर केल्या तर देवीचे व्रण अजून दिसतील. मे १९७५ नंतर देशात देवीचा रोगी निघाला नाही. आजच्या पोरांच्या दंडावर तो व्रण नाही, कारण त्यांना त्या लशीची गरजच उरली नाही.

इथं एक घोटाळा दूर करतो. आपल्याकडं साप चावला की म्हणतात, "सरकारी दवाखान्यात न्या, सापाची लस टोचून घ्या." न्यायलाच पाहिजे, मांत्रिकाकडं नव्हे. पण ती लस नव्हे. घोड्याला थोडं थोडं विष देऊन त्याच्या रक्तात जे प्रतिद्रव्य तयार होतं, ते काढून आपल्याला देतात. ते तयार पैसे आहेत, अडचणीला दिलेले. काम झालं की संपले. लस म्हणजे शरीराला स्वतः कमवायला शिकवणं. एकदा शिकलं की ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. आणि शिकवायचं म्हणजे शाळा आली, मास्तर आले, धडा आला.

शरीरातल्या या शाळा म्हणजे लसिका गाठी. काखेत, जांघेत, मानेत असतात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते म्हणजे ही शाळा भरल्याची खूण. लशीतला धडा या गाठींपर्यंत गेला पाहिजे. आणि इथं कणाचा आकार महत्त्वाचा ठरतो. अगदी बारीक रेणू टोचले तर ते रक्तात झिरपून निघून जातात. फार मोठा कण टोचला तर तो जागीच बसून राहतो, त्याला उचलून न्यायला पेशी यावी लागते. साधारण वीस ते शंभर नॅनोमीटरचा कण मात्र लसिकेच्या प्रवाहाबरोबर आपला आपण गाठीपर्यंत जातो. नॅनोमीटर म्हणजे किती? आपल्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास भरते. तो केस उभा चिरून हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा हा कण.

आता ही वाहनं एकेक बघू. सगळ्यात जुनं वाहन आपल्या घरातल्या वस्तूच्या नात्यातलं आहे. तुरटी! दाढी झाल्यावर गालाला लावतो, पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतो, ती. १९२६ साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांच्या लक्षात आलं की घटसर्पाच्या लशीचा द्रव तुरटीनं साकळवून दिला तर लस फार जोरात लागू पडते. तुरटीनं पाण्यातला गाळ खाली बसतो ना, तसंच. लस त्या कणांना चिकटते, टोचल्या जागी थोडी रेंगाळते, आणि शरीराचे पहारेकरी तिथं गोळा होतात. आज तुरटीऐवजी अॅल्युमिनियमचे दुसरे क्षार वापरतात, पण तत्त्व तेच. शंभर वर्षं झाली, बाळाच्या धनुर्वात-घटसर्पाच्या लशीत ते आजही असतात. म्हणून कोणी घरची तुरटी उगाळून लावू नये, एवढी विनंती.

दुसरं वाहन चरबीचा बुडबुडा. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम यांनी दाखवलं की आपल्या पेशींच्या आवरणातली चरबी पाण्यात घातली की तिचे आपोआप पोकळ गोळे होतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. पोकळीत औषध भरता येतं. ऐकायला पुस्तकी वाटतं, पण २०२१ च्या मे-जूनमध्ये हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला होता. कोरोनातून उठलेल्या माणसांना काळी बुरशी व्हायला लागली. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला झाली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'लायपोसोमल अँफोटेरिसिन बी'. साधं अँफोटेरिसिन मिळत होतं, पण त्यानं मूत्रपिंडाला इजा होते. तेच औषध चरबीच्या बुडबुड्यात घालून दिलं की मूत्रपिंडं पुष्कळ सांभाळली जातात. औषध एकच, गाडी वेगळी. त्या गाडीसाठी आम्ही सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे, मुंबई असे दोन दिवस फोन फिरवले. मिळालं. माणूस वाचला, एक डोळा गेला. तेव्हापासून 'औषध महत्त्वाचं, बाकी सगळं किरकोळ' असं मी म्हणत नाही.

तिसरं वाहन याच घराण्यातलं, पण जास्त हुशार. कोरोनाच्या काही लशींत एमआरएनए नावाचा संदेश होता. तो म्हणजे 'अमुक प्रथिन बनव' अशी पेशीला लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी इतकी नाजूक की रक्तात गेली की फाटलीच. म्हणून तिला चार प्रकारच्या स्निग्ध पदार्थांच्या गोळीत गुंडाळतात. त्यातल्या एकाची गंमत माझ्यातल्या जुन्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला फार आवडली. रक्तात असताना त्याच्यावर विद्युतभार जवळजवळ नसतो, त्यामुळं तो कुणाच्या वाटेला जात नाही. पेशीनं गिळला की तो ज्या पिशवीत पडतो तिथं आंबटपणा असतो. आम्ल लागलं की त्याच्यावर धन भार येतो, तो पिशवीचं आवरण फोडतो आणि चिठ्ठी बाहेर पडते. म्हणजे पेटीचं कुलूप फक्त शाखेत आल्यावरच उघडतं! चिठ्ठी शरीराला खपेल अशी कशी करायची हे शोधणाऱ्या कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं.

पण या गाडीची एक अडचण होती. सुरुवातीची परदेशी लस उणे सत्तर अंशाला ठेवावी लागे. आपल्या तालुक्यात डेअरीच्या बल्क कूलरची वीज चार तास गेली तर दूध नासायची धास्ती असते. चांदोलीकडच्या वाड्यावस्त्यांवर उणे सत्तर अंश कुठून आणणार? या प्रश्नावर पुण्यातच काम झालं. जिनोव्हा कंपनीनं केलेल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या, म्हणजे दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात राहते. पुढच्या वर्षी आलेली त्यांची दुसरी लस तर सुईविना, दाबाच्या झोतानं कातडीत देण्याची होती. लस तेवढीच चांगली असेल, पण ती डोंगरातल्या उपकेंद्रापर्यंत जात नसेल तर तिथल्या माणसाला ती नसल्यासारखीच.

चौथं वाहन आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगात जाऊन आलेलं आहे. ऑपरेशनचे विरघळणारे टाके. पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकॉलिक आम्लांच्या साखळ्यांपासून केलेला हा पदार्थ शरीरात हळूहळू तुटतो. तुटून उरतं काय? दह्यात असतं ते लॅक्टिक आम्ल आणि त्याचाच भाऊ ग्लायकॉलिक आम्ल. शरीर ते सहज जिरवतं. याच पदार्थाचे बारीक मणी करून त्यात औषध भरलं की ते महिना-तीन महिने थोडं थोडं सुटत राहतं. प्रोस्टेटच्या कर्करोगावर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं असतात, त्यातली काही या तऱ्हेची आहेत. आमच्या भाषेत मुदत ठेवीचं मासिक व्याज.

बोस्टनमध्ये डेव्हिड मूनी यांच्या गटानं याच पदार्थाचा नखाएवढा स्पंज केला. त्यात रोग्याच्या स्वतःच्या गाठीचा अर्क आणि पहारेकरी पेशींना बोलावणारी द्रव्यं घातली आणि तो कातडीखाली बसवला. पेशी स्पंजात येतात, कर्करोगाची ओळख करून घेतात आणि लसिका गाठीत जाऊन बाकीच्यांना सांगतात. २०१३ मध्ये त्याची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. नीट ऐका, मी चाचणी म्हणालो, उपचार नाही. उंदरांत चांगलं दिसलेलं माणसात चालेलच असं नसतं. या विषयाच्या बातम्या वाचताना माझी एक सवय झाली आहे. पहिल्यांदा बघायचं, हे उंदरांत झालं की माणसांत? माणसांत झालं असेल तर किती माणसांत? बँकेत कर्जाचा अर्ज वाचताना आधी तारण बघायचो, तसंच.

आता कर्करोगाकडं वळतो. शरीर स्वतः कर्करोगाशी का लढत नाही? लढतं. पण कर्करोगाच्या पेशी आपल्या संरक्षक पेशींचे ब्रेक दाबून धरतात. हे ब्रेक शोधणाऱ्या जेम्स अॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेक सोडवणारी औषधं आली, ती म्हणजे इम्युनोथेरपी. अडचण किमतीची. आपल्या भागात तंबाखू, मिश्री यामुळं तोंडाचे, घशाचे कर्करोग किती आहेत हे मिरजेच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसलं की कळतं. त्यातल्या किती जणांना ही औषधं परवडतात? मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, एवढा मोठा डोस लागतोच का? नेहमी दोनशे चाळीस मिलिग्रॅम देतात त्या निवोलुमॅबचे त्यांनी फक्त वीस मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, नेहमीच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिले. डोके-मानेच्या वाढलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं शंभरात सोळा जगत होते, औषध जोडल्यावर त्रेचाळीस. यात नवी गाडी नाही, नवा पदार्थ नाही. फक्त हिशेब नीट मांडला. एका बँकवाल्याला यापेक्षा सुंदर काय वाटणार?

दुसरं मुंबईचंच काम. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून एक उपचार उभा केला. रोग्याच्या रक्तातल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात कर्करोग ओळखणारं जनुक घालायचं, संख्या वाढवायची आणि परत रोग्याला द्यायच्या. जनुक आत नेणारी गाडी म्हणजे निरुपद्रवी केलेला विषाणू. नेक्सकार१९ असं त्याचं नाव. काही विशिष्ट रक्ताच्या कर्करोगांसाठी, बाकीचे उपाय थकल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. अमेरिकेतल्या खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात होतो, तरी लाखांत जातोच. म्हणून आता जगभर खटपट चालू आहे की पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, त्या चरबीच्या गोळीतूनच संदेश धाडून रोग्याच्या अंगातल्या अंगात त्या तयार करायच्या. जमलं तर कारखान्याचा खर्च वाचेल. अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे.

इथं एक सावधगिरीची सूचना. 'नॅनो', 'इम्युनिटी बूस्टर', 'कर्करोगावर रामबाण' अशी पावडर विकणारी मंडळी आपल्या कॉलनीतही येऊन गेली. मी आत्ता सांगितलं त्यातलं काहीही डब्यात भरून दारावर विकायला येत नाही. अशा वेळी दार लावून घ्यावं. तरी आलेच तर माझ्याकडं पाठवा, मी त्यांना के.वाय.सी. विचारतो.

आता नातीच्या प्रश्नाकडं येतो. तिच्या सुईत काय असतं?

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये इयान फ्रेझर आणि जियान झाऊ यांना असं आढळलं की या विषाणूच्या कवचाची प्रथिनं प्रयोगशाळेत केली तरी त्यांचे तुकडे आपोआप जुळून हुबेहूब विषाणूसारखा गोळा तयार होतो. पण आत पूर्ण रिकामा. पत्ता, शिक्का, तिकीट सगळं असलेला आणि आत पत्र नसलेला लिफाफा. शरीराला शिक्का ओळखता येतो, रोग मात्र होऊ शकत नाही, कारण आत रोगाचं बीजच नाही. पंचावन्न नॅनोमीटरचा कण, म्हणजे लसिका गाठीत आपणहून जाणारा. तो बसवलेला असतो अॅल्युमिनियमच्या क्षारावर, तुरटीच्या त्या नातेवाइकावर. म्हणजे आत्तापर्यंत सांगितलेल्या दोन युक्त्या त्या एका सुईत आहेत. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं अशी लस केली. तिचं नाव सर्व्हाव्हॅक, २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा वयात दोन डोस, पंधरा ते सव्वीस वयात तीन. मुलींना आणि मुलांनाही. स्वीडनमध्ये साडेसोळा लाखांहून अधिक मुली-स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी निघाला. ही नोंद माणसांतली आहे, उंदरांतली नव्हे.

मग मी ती का अडवली?

हा विषाणू स्त्री-पुरुष संबंधातून पसरतो. सुनेनं लशीचं नाव काढलं आणि मला राग आला. मी म्हणालो, "आपल्या घरात तसलं काही नाही. अकरा वर्षांच्या पोरीला हे कशाला?" सूनबाई गप्प बसल्या. वर्ष गेलं. एक दिवस जेवताना विषय पुन्हा निघाला, तेव्हा आमच्या मंडळी शांतपणे म्हणाल्या, "वन्संच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाला होता. बायकांचं काहीतरी असेल, होईल बरं."

घास हातातच राहिला.

माझी थोरली बहीण, आम्ही आक्का म्हणायचो. पंचेचाळीस वर्षांची असताना तिच्या अंगावरून जायला लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोला सांगितलं, तिनं मला. मी तेव्हा विदर्भातल्या शाखेत होतो, मार्च अखेरची गडबड. मी काय म्हणालो ते तुम्ही आत्ता ऐकलंत. सहा महिन्यांनी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा रोग पसरला होता. मी पैसे पाठवले. ड्राफ्ट वेळेत पोचला, त्याची पोच अजून माझ्या पेटीत आहे. मी पोचलो त्या वेळी आक्का बोलत नव्हती. १९९१ साल.

तेव्हा लस नव्हती, हे खरं. पण तपासणी करता आली असती. आपल्याच महाराष्ट्रात, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मंडळींनी एक लाख एकतीस हजार बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या. खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या, आपल्या आयाबहिणींसारख्या. २००९ मध्ये तो जगापुढं आला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी केली आणि सापडलं त्यावर उपचार केले, तर आठ वर्षांत या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. एकदा तपासणी, एवढंच.

नातीला दिवाळीच्या सुट्टीत पहिला डोस दिला. मी बरोबर गेलो. दंड अर्धा दिवस दुखला, दुसऱ्या दिवशी ती सायकलवर होती. दुसरा डोस सहा महिन्यांनी. तिला मी रिकाम्या लिफाफ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग आजोबा, तुम्ही घाबरला कशाला होता?" तिला काय सांगणार? रोगाला घाबरलो नव्हतो, बोलायला घाबरलो होतो.

आता संस्थेपुढं माझी मागणी. रौप्यमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वाराची कमान करायची असं ठरतंय. कमानीला माझा विरोध नाही, वर्गणी मी पण दिली आहे. पण त्याआधी एक दिवस या सभागृहात तीस वर्षांवरच्या भगिनींसाठी तपासणी शिबिर घ्यावं. तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेशी बोलायचं काम मी करतो. घरोघरी नऊ ते चौदा वयाची मुलं-मुली किती, याची यादी करावी आणि पालकांनी आपापल्या डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा. ज्या घराला खर्च जड जाईल तिथं संस्थेनं न बोलता हातभार लावावा. आणि पुरुष मंडळींनी वर्षातून एकदा आरशासमोर उभं राहून, तोंड उघडून आत बघावं. पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसली तर मिश्री-तंबाखूची डबी तिथंच टाकून दवाखाना गाठावा.

पंचवीस वर्षांत आपण इथं पाणी आणलं, रस्ता आणला, दिवे आणले. रात्री आता काठी लागत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत मी काही इथं नसेन. पण या कॉलनीतल्या कुठल्याही घरात कुणी बाई दुखणं पदराखाली झाकून बसली आहे आणि घरातला कर्ता माणूस "बायकांचं काहीतरी असेल" म्हणतोय, असं होऊ नये.

शास्त्रज्ञांनी औषध आपल्या गावापर्यंत, दंडापर्यंत, पेशीपर्यंत पोचवायची सोय केली आहे. शेवटचा टप्पा उरतो तो घराच्या उंबऱ्यापासून दवाखान्यापर्यंतचा. तो आपल्यालाच चालायचा आहे.

शिबिराची वही सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. चहाला जाताना नाव लिहून जा.